2021 मध्ये देशात ऑक्सिजन तयार होत असूनही रुग्णालयांत तुटवडा का पडला?

देशात रोज हजारो टन ऑक्सिजन तयार होत होता, मग कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत रुग्णालयांकडे दोन-तीन तासांचाच साठा का उरत होता, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते खरी अडचण वाहतुकीत आणि रुग्णालयाच्या आतल्या यंत्रणेत होती.

द्रवरूप ऑक्सिजनचे अनेक मोठे प्रकल्प पोलाद कारखान्यांना जोडलेले आहेत. राउरकेला, बोकारो, जमशेदपूर, विशाखापट्टणम हे सगळे पूर्वेकडे, तर एप्रिलमध्ये मागणी उसळली दिल्ली-महाराष्ट्रात. उणे 183 अंशांचा द्रव न्यायला क्रायोजेनिक (अतिथंड द्रवासाठीचा खास) टँकरच लागतो आणि तो एका लांबच्या फेरीत कित्येक दिवस अडकतो. म्हणून नायट्रोजन-आर्गॉनचे टँकर वळवले गेले. तेही आतून नीट स्वच्छ करूनच, कारण तेलाचा अंश राहिला तर ऑक्सिजनमध्ये तो पेट घेतो. 19 एप्रिलला नवी मुंबईजवळच्या कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेने विशाखापट्टणमला निघाले. बोगदे आणि वरच्या विजेच्या तारा यांमुळे 3.32 मीटर उंचीचेच टँकर घेता आले, शिवाय घाट टाळून वसई-सुरत-भुसावळ असा वळसा पडला. हवाई दलाने रिकामे टँकर नेले, पण भरलेले विमानातून नेणं धोक्याचं होतं.

आता रुग्णालयातला हिशेब पाहा. एक लिटर द्रवापासून सुमारे 860 लिटर वायू होतो, म्हणजे एका टनापासून साधारण साडेसात लाख लिटर. मिनिटाला 10 लिटर घेणारे पन्नासेक रुग्ण त्यावर एक दिवस निघतात. पण नाकावाटे जोराच्या प्रवाहाने ऑक्सिजन देणारं हाय-फ्लो यंत्र मिनिटाला 60 लिटरपर्यंत ओढू शकतं. त्या वेगाने 7,000 लिटरचा जम्बो सिलिंडर दोन तासांच्या आत संपतो.

टाकी भरलेली असतानाही पाइपमधला दाब कमी व्हायचा, याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. द्रवाचा वायू करणाऱ्या व्हेपोरायझरमधून क्षमतेपेक्षा जास्त ओढलं की त्याच्या पात्यांवर बर्फ चढतो, वायू कमी बनतो आणि वॉर्डातल्या शेवटच्या खाटेचा प्रवाह आधी घटतो. दोन व्हेपोरायझर आलटून-पालटून चालवणं हाच त्यावर खरा इलाज. मोजक्या आयसीयू खाटांसाठी टाकलेली बारीक पाइपलाइनही तिथेच कमी पडली.

नंदुरबारने 2020 मध्येच हवेतून ऑक्सिजन काढणारा पीएसए प्रकल्प बसवला, हे फार मोलाचं काम होतं. असा प्रकल्प सुमारे 93 टक्के शुद्धतेचा वायू देतो, पण त्याला अखंड वीज आणि कोरडी हवा लागते. ओलावा आत गेला की हवेतला नायट्रोजन शोषून घेणारं झिओलाइट निकामी होतं. म्हणून गरज नसतानाही तो नेमाने चालवावा, शुद्धता मोजून नोंदवावी आणि फिल्टर वेळेवर बदलावेत.