जर्मनीतल्या लाइपझिगला जाताय? आधी मोटेट ऐका

टॉमस चर्च नुसतं बघून परत येऊ नका. शुक्रवारी संध्याकाळी सहा किंवा शनिवारी दुपारी तीनची 'मोटेट', म्हणजे चर्चमधली गायनाची प्रार्थनासभा, गाठा. तिथला मुलांचा गायकवृंद १२१२ पासूनचा. १७२३ ते १७५० संगीतकार बाख स्वतः त्याचा कँटर, म्हणजे संगीतप्रमुख, होता. शाळेला सुट्टी असली की मुलं नसतात, पाहुणे गातात, म्हणून तारखा आधी तपासाच. मुलं पश्चिमेच्या सज्जातून गातात, त्यामुळे वेदीकडे तोंड करून बसलात तर आवाज पाठीमागून येतो. मान वळवू नका. डोळे मिटून बास, म्हणजे सगळ्यात खालचा आवाज, तेवढा धरून ठेवा, वरचे स्वर आपोआप सुटे होत जातात. फार सुंदर अनुभव आहे हा! ऑर्गन दोन आहेत: सज्जातला १८८९ चा, झाउअर या ऑर्गन-कारागिराचा, आणि २००० साली खास बाखसाठी बसवलेला. माझ्या कानाला बाख दुसऱ्यावरच खुलतो.