एका रिकाम्या जागेच्या पोटनिवडणुकीने सत्ता खरंच बदलू शकते का?

हो, आणि मुळात जागा रिकामी झाली की बहुमताचा आकडाच खाली येतो. मध्य प्रदेशचंच बघा. 230 जागांच्या विधानसभेत बहुमत 116 ला. मार्च 2020 मध्ये काँग्रेसच्या 22 आमदारांनी राजीनामे दिले, आधीच्या दोन जागा रिकाम्या होत्या. सभागृह उरलं 206 चं, बहुमत 104 वर आलं आणि भाजपचे 107 आमदार अचानक पुरेसे ठरले! काँग्रेसचे मुख्यमंत्री कमलनाथ पायउतार झाले. पण ते बहुमत तात्पुरतं होतं, जागा भरल्या की आकडा पुन्हा वर जाणार. तोवर आणखी काही जागा रिकाम्या झाल्या होत्या, म्हणून नोव्हेंबरच्या 28 पोटनिवडणुका नव्या भाजप सरकारसाठी जीवन-मरणाच्या होत्या. भाजपने 19 जिंकल्या, 126 वर पोचला. मतदारांनी निवडलेलं सरकार राजीनाम्यांनी पडावं, हे मला आजही खटकतं.