कुत्र्याला कॅफेत न्यावं का?

प्रश्न : आमची तीन वर्षांची कुत्री घरी एकटी राहिली की रडते. तिला कॅफेत सोबत नेलं तर चालेल का? माझ्या नवऱ्याला ते अजिबात पटत नाही.

उत्तर : ताई, कॅफेवाल्यांची परवानगी असेल तर जरूर न्या, पण बाहेरच्या टेबलापाशी बसा. आत नेण्याच्या मी विरोधात आहे, आणि माझ्या घरात दोन कुत्री आहेत. एकदा माझ्या थोरल्याचा पट्टा खुर्चीच्या पायाबाहेर गेला होता. ट्रे घेऊन येणारा मुलगा त्यात अडकला आणि उकळता चहा त्याच्या मनगटावर सांडला. त्याचा तो लाल झालेला हात अजून डोळ्यांसमोर येतो. चूक पूर्णपणे माझी होती. तेव्हापासून पट्टा आखूड धरते, कुत्रा भिंतीच्या बाजूला बसवते.

शिवाय ॲलर्जी फक्त केसांमुळे होते असं नाही. लाळेतून आणि त्वचेच्या कोंड्यातूनही होते. बंद खोलीत शेजारच्या टेबलावरच्या माणसाने काय करायचं? अंध व्यक्तीच्या मार्गदर्शक कुत्र्याची गोष्ट निराळी, त्याला कुणी अडवू नये.

आता तुमच्या कुत्रीबद्दल. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून जास्त. कपबश्यांचा खणखणाट तिला किती बोचत असेल! ती सारखी ओठ चाटत असेल, जांभया देत असेल, शेपूट पोटाशी घेत असेल, तर ती घाबरलीय. लगेच उठा. चॉकलेट, द्राक्षं, कांदा खाली पडू देऊ नका, ते तिला विषारी ठरू शकतं.

एकटेपणाचं रडणं मात्र कॅफेत नेऊन थांबणार नाही. पाच मिनिटांपासून सवय लावायला सुरुवात करा.