प्रवास-शंका : ड्रेस्डेनहून शनिवार-रविवारी प्राग

प्रश्न : मी ड्रेस्डेनला एम.एस. करते, वय 23. शनिवार-रविवार जोडून प्रागला जाऊन यायचं आहे. किल्ला, चार्ल्स पूल आणि ज्यू वस्ती एवढं दोन दिवसांत होईल का?

उत्तर : होईल, पण क्रम चुकला तर यातलं एक नक्की हुकेल. ज्यू संग्रहालय, म्हणजे तिथली सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) आणि जुनं कब्रस्तान, शनिवारी बंद असतं. उलट किल्ल्यातलं सेंट व्हायटस कॅथेड्रल रविवारी प्रार्थनेमुळे पर्यटकांसाठी दुपारी बारालाच उघडतं. तेव्हा शनिवारी किल्ला, रविवारी ज्यू वस्ती. हे उलटं करू नका.

शनिवारी सकाळची युरोसिटी रेल्वे घ्या, साधारण अडीच तास लागतात. जाताना डावीकडची खिडकी मिळवा, एल्बे नदी त्याच अंगाला आहे. प्रागमध्ये गाडी आधी होलेशोविट्सेला थांबते. पाटीवर ‘प्राहा’ (प्रागचं चेक नाव) दिसलं म्हणून तिथे उतरू नका, मुख्य स्टेशन त्याच्या पुढे आहे.

सामान हॉस्टेलवर टाकून 22 नंबरच्या ट्रामने ‘प्राझ्स्की ह्राद’ थांब्यावर जा. हा थांबा टेकडीवर आहे, त्यामुळे किल्ला बघून उतरत उतरत पुलाकडे येता येतं. पुलाकडून निघालात तर तोच सगळा चढ चढावा लागतो. किल्ल्याच्या आवारात फिरायला पैसे लागत नाहीत. कॅथेड्रलचा आतला भाग, जुना राजवाडा, सेंट जॉर्ज बॅसिलिका आणि गोल्डन लेन यांचं एकच तिकीट आहे आणि ते दोन दिवस चालतं. 26 वर्षांपर्यंतच्या विद्यार्थ्यांना सवलत आहे. विद्यापीठाचं ओळखपत्र जवळ ठेवा.

चार्ल्स पुलाचं काम 1357 मध्ये सुरू झालं. दुपारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. रविवारी उजाडताना गेलात तर पुतळे नीट पाहता येतील. तिथून जुन्या शहराच्या चौकातल्या 1410 च्या खगोलीय घड्याळापाशी नऊच्या ठोक्याला पोहोचा. उजवीकडचा सांगाडा घंटेची दोरी ओढतो, वरच्या दोन खिडक्यांतून येशूच्या बारा शिष्यांचे पुतळे सरकत जातात, शेवटी कोंबडा आरवतो. सगळं मिनिटभरात आटोपतं. सगळ्यांच्या माना वर असतात आणि खिसेकापूंना तेच हवं असतं, म्हणून पाठीवरची सॅक पोटाशी घ्या.

प्रश्न : युरो चालतात का? ट्रामचं तिकीट कसं काढायचं?

उत्तर : चलन कोरूना आहे. काही दुकानं युरो घेतात, पण भाव त्यांचा. बहुतेक ठिकाणी कार्ड चालतं, त्यामुळे रोख थोडीच लागते, मुख्यतः सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या नाण्यांसाठी. रोख बँकेच्या एटीएममधून काढा. मशीन ‘युरोमध्ये रूपांतर करून देऊ का’ असं विचारेल, तिथे नकार द्या. होकार दिलात की त्यांचा महाग दर लागतो. पैसे बदलायचेच असतील तर ‘कमिशन शून्य’ या पाटीवर जाऊ नका, कारण कमाई दरात लपलेली असते. शंभर युरोचे नेमके किती कोरूना हातात येतील ते आधी कागदावर लिहून घ्या आणि मगच नोटा पुढे करा. फसलात तरी उपाय आहे : 2019 पासून चेक कायद्यानुसार 1000 युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करून पैसे परत मागता येतात. त्यासाठी पावती सांभाळा.

ट्राम, मेट्रो, बस सगळीकडे एकच तिकीट चालतं : 30 मिनिटं, 90 मिनिटं, 24 तास किंवा 72 तास. कागदी तिकीट पहिल्या प्रवासाच्या सुरुवातीला पिवळ्या यंत्रात एकदाच छापून घ्यायचं. वेळ त्या शिक्क्यापासून मोजतात. शनिवारी सकाळी 11 ला छापलेलं 24 तासांचं तिकीट रविवारी 11 पर्यंत चालेल. तिकीट खिशात आहे पण शिक्का नाही, हे तपासनीस विनातिकीटच धरतात, आणि ते साध्या वेशात असतात.

प्रश्न : वेगळा व्हिसा लागतो का?

उत्तर : नाही. चेक प्रजासत्ताक शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. जर्मनीचा वैध रहिवासी परवाना किंवा राष्ट्रीय व्हिसा असेल तर कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत जाता येतं. मात्र पासपोर्ट आणि परवाना दोन्ही मूळ प्रतीत हवेत. मोबाइलमधला फोटो चालत नाही. जर्मनीने 2023 पासून या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे आणि परतताना पोलीस डब्यात येतात. रविवारी संध्याकाळी बस याच तपासणीत अडकू शकते, म्हणून परतीला रेल्वेच बरी, तीही शेवटची नको. परवान्याच्या मुदतवाढीचा फक्त तात्पुरता कागद हाती असेल, तर तिकीट काढण्याआधी परदेशी नागरिक कार्यालयात विचारून घ्या.

प्रश्न : शाकाहारी आहे. काय खाता येईल?

उत्तर : ‘स्माझेनी सीर’, म्हणजे तळलेलं चीज, जवळपास सगळीकडे मिळतं. सूप मागवताना ‘बेझ मासा’, म्हणजे मांसाशिवाय, एवढं सांगून थांबू नका. तुकडे नसले तरी पाणी हाडांचं असू शकतं, ते वेगळं विचारा. टेबलावर न मागता ठेवलेल्या पावाचे पैसे बिलात लागू शकतात. नको असेल तर लगेच परत करा.