मातीचं धरण विरघळत का नाही?

प्रश्न : माझ्या सासूबाई मूळच्या गोव्यातल्या कुर्डीच्या. साळावलीच्या धरणात गाव गेलं, मग वाडे वसाहतीत आल्या. मे महिन्यात पाणी ओसरलं की आम्ही सगळे सोमेश्वराच्या उत्सवाला जातो. यंदा मुलाने विचारलं, "आजी, ढेकूळ बादलीत टाकलं तर विरघळतं, मग साळावलीचं धरण कसं टिकतं?" त्या म्हणाल्या, "विरघळलं असतं तर बरं झालं असतं, बाबा!" खरं उत्तर तुम्ही द्या. आणि मातीच्या धरणावर उगवलेली झाडं उपटून का टाकतात?
– एक वाचक, सांगे

उत्तर : ताई, सासूबाईंच्या उत्तरापुढे माझं फिकंच पडणार. पण मातीच्या धरणांवर माती तपासण्यातच माझी नोकरी गेली, म्हणून सांगतो.

साळावली सगळंच मातीचं नाही, त्यात दगडी बांधकामही आहे. उंची ४२.७ मीटर, लांबी १,००४ मीटर. मातीच्या भागात ढेकळं नसतात. वीतभर जाडीचा थर पसरायचा, रोलरने दाबायचा, मग पुढचा. ओल जास्त झाली तर माती रोलरला चिकटते, कमी पडली तर दबतच नाही. प्रयोगशाळेचा आकडा येईपर्यंत आम्ही मुठीत गोळा करून बघायचो, आणि सहसा मूठ चुकत नसे. पोटात चिकणमाती, पाण्याकडच्या उतारावर लाटांसाठी दगडांचं पिचिंग, अशी साधारण रचना.

तरी पाणी झिरपतंच. हे ऐकून लोक दचकतात. तुमच्याकडे कुणाचं खाजन शेत (खाडीचं खारं पाणी बांधाने अडवून केलेलं) असेल तर त्याला विचारा. बांधातून थोडं निवळ पाणी आलं तर तो जेवण सोडून उठत नाही. पण कुर्ल्यांनी (खेकड्यांनी) बीळ केलं आणि गढूळ पाणी यायला लागलं, की फावडं घेऊन धावतो. पाण्याबरोबर माती निघाली की बीळ आतल्या आत मोठं होत जातं. म्हणून धरणाच्या पोटात वाळूचा गाळण-थर घालतात. पाणी जातं, मातीचे कण अडकतात. पायथ्याच्या चरीत ते पाणी जमतं, तिथे ते रोज मोजतात. मी मात्र आधी ग्लासात घेऊन उजेडाकडे धरायचो.

दुसरी भीती पाणी वरून जाण्याची. मातीवरून लोंढा गेला तर काही तासांत खिंडार. म्हणून सांडवा, म्हणजे जादा पाण्याला बाहेर जायची वाट. साळावलीचा तो गोल घसरणारा पडदा तुम्ही पावसात पाहिला असेलच. बदकाच्या चोचीसारखा वाकवल्याने कमी जागेत काठ लांब मिळतो, त्यामुळे पातळी थोडी चढली तरी पुष्कळ पाणी निघून जातं. दरवाजे नाहीत, त्यामुळे मध्यरात्री उठून ते उघडायची भानगडही नाही. पर्यटक फोटो काढतात, मला तो बघून झोप लागते.

झाडांचं उत्तर आता तुम्हीच द्याल. झाड मेलं की मूळ कुजतं आणि मातीत नळी राहते. कुर्लीने न केलेलं बीळ. गवत मात्र ठेवतात, त्याची मुळं वरवरची, पावसात उताराची माती धरून ठेवणारी. शिवाय झाडोरा वाढला तर ओल कुठे फुटली ते दिसत नाही.

मुलाला सांगा, बादलीत टाकायचं ढेकूळ आधी चिकणमातीचं घे, चांगलं थापून घट्ट कर. किती वेळ टिकलं ते मला कळव.