एआरटीची (एचआयव्हीच्या औषधांची) गोळी चालू असताना टेस्टोस्टेरॉन सुरू केलं तर चालतं का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही ट्रान्स पुरुष आहात, दोन वर्षं सरकारी एआरटी सेंटरची टीएलडी गोळी घेताय आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, सापडत नाही. आता टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन, थोडक्यात टी) घ्यायचंय, पण त्यामुळे एचआयव्ही पुन्हा डोकं वर काढेल अशी धास्ती आहे.

नाही काढणार. मीही ट्रान्स पुरुष आहे. सहा वर्षं टी घेतोय, एआरटी त्याच्याही आधीपासूनची. डॉक्टर नाही, पण हाच प्रश्न मनात धरून मीही रात्री जागलोय.

टीएलडीमध्ये टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर अशी तीन औषधं असतात. टेस्टोस्टेरॉन मोडायच्या कामात यकृतातलं सीवायपी३ए४ नावाचं एन्झाइम असतं. या तिघांपैकी कुणीच त्या एन्झाइमचा वेग वाढवत नाही की कमी करत नाही. टेस्टोस्टेरॉनमुळे एआरटीचं बळही घटत नाही.

एआरटीच्या जुन्या गोळीतलं एफाविरेन्झ मात्र हे एन्झाइम जोरात चालवतं, त्यामुळे टी लवकर मोडलं जाऊ शकतं. सेकंड लाइनच्या (पहिली औषधं लागू पडेनाशी झाल्यावर देतात त्या) औषधांसोबत येणारं रिटोनाविर उलट त्याला रोखतं, मग टी रक्तात जास्त टिकू शकतं. तरीही टी नाकारायचं कारण नाही, रक्तातली पातळी मोजून डोस ठरवता येतो. टीबी झाला आणि रिफाम्पिसिन सुरू झालं, तर मात्र लगेच एआरटीच्या आणि हार्मोनच्या, दोन्ही डॉक्टरांना सांगा. डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा घ्यावं लागतं आणि टीची पातळीही खाली येऊ शकते.

मला खरा त्रास झाला तो क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचं काम बघायला रक्तात मोजतात त्या घटकाचा. टी सुरू केल्यावर वर्षभरात माझा आकडा १.३ वर गेला. रिपोर्टमध्ये किडनीची क्षमता ५५ लिहिलेली. टेनोफोविर किडनीला त्रास देऊ शकतं हे माहीत होतं, त्यामुळे पायाखालची जमीनच सरकली. नंतर कळलं, की हा हिशोब वय आणि लिंग धरून करतात आणि लॅबने माझ्या जुन्या कागदावरचं 'स्त्री' धरलं होतं. मी तेव्हा ३४ वर्षांचा, त्याच आकड्यावर पुरुष धरलं तर उत्तर साधारण ७४ येतं. टीमुळे स्नायू वाढतात, स्नायू वाढले की क्रिएटिनिन वाढतं. डोल्युटेग्राविरही किडनीला इजा न करता ते थोडं वर नेतं. पण दरवेळी असंच असेल असं धरून चालू नका. लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या आणि शंका उरली तर सिस्टॅटिन सी ही किडनीची रक्ततपासणी करायला सांगा, ती तपासणी स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. आणि टी सुरू करण्याआधीचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट जपून ठेवा. माझ्याकडे तो नव्हता, म्हणून तुलना कशाशी करायची हेच कळेना.

दुसरी गोष्ट जिमची. टी सुरू झालं की आपण जिमला जातो आणि कॅल्शियम, लोह, झिंकच्या गोळ्या सुरू होतात. डोल्युटेग्राविर त्यांनाच चिकटतं आणि पोटातून रक्तात कमी जातं. एआरटीची गोळी त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्या. अँटासिडलाही हाच नियम.

बाकी, हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) तीन-चार महिन्यांनी बघत राहा, ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर डोस थांबवून विचार करावा लागतो. कोलेस्टेरॉल बघा. पाळी थांबली तरी टी हे गर्भनिरोधक नाही आणि गरोदरपणात ते चालत नाही, हेही लक्षात असू द्या.

मी वर्षभर हार्मोनच्या डॉक्टरांपासून एचआयव्ही लपवला आणि एआरटीच्या डॉक्टरांपासून टी. त्या क्रिएटिनिनच्या घोळात दोघंही अर्धीच माहिती घेऊन बसले होते आणि ती अर्धी मीच दिलेली होती. तुम्ही तसं करू नका. एचआयव्ही-एड्स कायदा, २०१७ प्रमाणे काही अपवाद सोडले तर तुमच्या लेखी संमतीशिवाय तुमचं एचआयव्ही स्टेटस उघड करता येत नाही आणि स्टेटसवरून उपचारात भेदभाव करता येत नाही. कुणी केलाच तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर बोला. पहिल्या भेटीला एआरटीचं कार्ड आणि शेवटचा व्हायरल लोड सोबत न्या. आणि टी मिळायला उशीर झाला, कंटाळा आला, मन खचलं, तरी टीएलडीचा एकही दिवस चुकवू नका.