सर्जनने रिसर्च करायचा का? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : सर, मी मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात एमएस सर्जरीच्या पहिल्या वर्षाला आहे. वॉर्डात शुगरचे पेशंट काळा पडलेला पाय घेऊन येतात, बिडी ओढणारी तरुण पोरं पण येतात, आम्ही आधी बोट कापतो मग पाऊल मग गुडघ्याखाली. मला रक्तवाहिन्यांच्या आजारावर संशोधन करायचंय पण घरचे म्हणतात हॉस्पिटल टाक, सिनियर म्हणतात रिसर्च लॅबवाल्यांचं काम. थिसिसचा विषय पण ठरायचाय. काय करू? – एक रेसिडेंट, बीड जिल्हा

उत्तर : कर, नक्की कर. लॅबवाल्याला तो पाय रोज बघायला मिळत नाही, तुला मिळतो. १८९४ ला फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर ल्यों शहरात चाकूहल्ला झाला, पोटातली मोठी शीर कापली गेली आणि तेव्हा शीर शिवता येत नव्हती म्हणून ते गेले. त्याच शहरात अलेक्सिस कॅरेल नावाचा डॉक्टरी शिकणारा तरुण होता, त्याच्या डोक्यातून ते गेलं नाही, भरतकाम करणाऱ्या बाईकडून त्याने बारीक सुईचं काम शिकून घेतलं, प्राण्यांवर करून बघितलं आणि १९१२ ला नोबेल मिळालं. आजचे बायपास त्याच टाक्यांवर उभे आहेत.

पण हे काम ड्युटी संपल्यावर रात्री जागून होत नाही. अमेरिकेत बरेच सर्जरी रेसिडेंट मधेच दोनेक वर्षं ऑपरेशन थिएटर (ओटी) सोडून लॅबमधे जातात, तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेची, एनआयएचची, त्यासाठी वेगळी ट्रेनिंग ग्रँट असते, रक्तवाहिन्यांच्या सर्जनसाठी पण. आपल्या एमएसच्या तीन वर्षांत असा मोकळा वेळ नाही, म्हणून तुझ्या हातात सध्या थिसिसच आहे आणि तो पाट्या टाकायचा कागद समजू नको.

विषय तुझ्या वॉर्डातच आहे बघ. डायबेटिक फूटचा प्रत्येक पेशंट घे, हँड डॉप्लरने, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या हातातल्या यंत्राने, घोट्याचं आणि दंडाचं प्रेशर मोज, घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भाग, उत्तर ०.९ च्या खाली आलं तर पायाचं रक्त कमी. पण शुगरवाल्यांच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम बसतं, त्या दबत नाहीत, मग आकडा १.४ च्या वर जातो किंवा खोटाच नॉर्मल दिसतो आणि आपण फसतो, तिथे पायाच्या अंगठ्याचं प्रेशर घ्यावं लागतं. किती जणांत घोट्याचा आकडा फसवतो हे मोजलंस तरी मोठं काम. सोबत एक साधा प्रश्न प्रत्येकाला विचार, पोटरी भरून यायला लागल्यापासून किंवा जखम झाल्यापासून इथे यायला किती दिवस लागले आणि मधे कुठे कुठे दाखवलं. ऊसतोडीला गेलेला माणूस हंगाम संपेपर्यंत अंगावर काढतो, ते फाईलमधे कुणी लिहीत नाही, आणि मला तर वाटतं निम्मा आजार तिथेच आहे.

सर्जनच्या रोजच्या वादातून केवढा अभ्यास होतो ते बघायचं तर बेस्ट-सीएलआय नावाचा अभ्यास बघ, २०२२ ला छापून आला, पायाचं रक्त फारच कमी झालेले १८३० पेशंट, प्रश्न एकच, बायपास चांगला का फुग्याने वाट मोकळी करणं? ज्यांच्या पायाची स्वतःची शीर चांगली होती त्यांच्यात आधी बायपास केलेला बरा ठरला.

चेन्नईच्या आयसीएमआर संस्थेचा बायोमेडिकल रिसर्चचा ऑनलाईन कोर्स पीजीला करावाच लागतो, तो क्लिक करत संपवू नको, नीट कर. पुढे व्हॅस्क्युलरचं, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जरीचं, सुपरस्पेशालिटी शिक्षण घे, एमसीएच किंवा डीआरएनबी. भारत सरकार आणि ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टच्या इंडिया अलायन्सच्या फेलोशिप २००८ पासून आहेत, पेशंट बघत संशोधन करणाऱ्या डॉक्टरांसाठी वेगळ्या. नोकरी घेताना पगारासोबत हेही विचार की आठवड्यातले किती दिवस ओटी आणि ओपीडी नसेल, आणि ते लेखी घे. गाईड दोन शोध, एक सर्जन आणि एक बेसिक सायन्सवाला, दुसरा तुझ्या कॉलेजात नसला तर बाहेरच्याला मेल कर, देतात उत्तर.

घरच्यांना एकदा वॉर्डात घेऊन जा. आणि थिसिसचा आराखडा, म्हणजे सिनॉप्सिस, द्यायच्या आधी, नंतर नाही, स्टॅटिस्टिक्सच्या सरांना भेटून किती पेशंट लागतील ते काढून घे.